पातेरो परत घातलास मां?

आठवडा बाजारात सुक्या सुंगटांच्या वाट्यावर घासाघीस चालली होती, तेवढ्यात मागून खांद्यावर हात पडला. वळून बघितलं तर गुरवकाका. धोतर, खांद्यावर टॉवेल, हातात नारळांची पिशवी. बरंय ना, घरची बरी ना, पाऊस यंदा लांबला, असं सगळं झालं आणि मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "मास्तर, तो पातेरो परत घातलास मां?" मी पिशवीचे बंद सावरत म्हटलं, "व्हय तर. तेव्हाच घातलंय." ते म्हणाले, "बरा केलास," आणि पानवाल्याकडे वळले. एवढंच. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं नाही, पुन्हा विचारलं नाही, संशय घेतला नाही. सुंगटं घेतली, एसटीत बसलो, खिडकीशी जागाही मिळाली. पण घाटीचं वळण येईपर्यंत ते "बरा केलास" कानात राहिलं. कारण मी खोटं बोललो होतो. अगदीच खोटं नाही म्हणा. निम्मा पातेरा खरोखरच तेव्हाच परत घातला होता. निम्मा मात्र नव्हता.

पातेरा म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. घाटावर ज्याला पाचोळा म्हणतात तो. पण पाचोळा या शब्दात वाऱ्यावर उडून जाणारं काहीतरी आहे. पातेरा उडत नाही, तो साचतो. माघ-फाल्गुनात काजूच्या नि आंब्याच्या बागांत आई आणि काकू हिराच्या झाडूने तो ओढत असत. सर्र सर्र असा एकसुरी आवाज सकाळभर चालायचा. मग बांबूच्या मोठ्या डालग्यात तो दाबून दाबून भरायचा, आणि डालगं भरत आलं की आम्हा पोरांना त्यात उड्या मारायला सांगायचे, म्हणजे आणखी चार झाडू मावतात. काही गोठ्यात गुरांखाली जायचा, काही शेणकईत आणि उरलेला भाजावळीला. कवळ, शेण, पातेरा, वर मातीचा थर, आणि संध्याकाळी वारा पडला की आग. त्या जागेवर पुढे पावसाच्या तोंडावर तरवा पेरायचा. भाजावळीचा धूर डोळ्यांत जायचा, केसांत राहायचा, दुसऱ्या दिवशी शाळेत एकमेकांच्या डोक्याला तोच वास. पातेऱ्यात काय असतं याबद्दल आम्हाला एकच माहिती होती. आजी म्हणायची, "हात घालू नको, फुरसा आसात." फुरसं सोडून त्यात आणखी कोणी राहत असेल असं मनातही आलं नाही. आता येतं. दर वर्षी डालग्यागणिक किती जीव भाजले असतील याचा हिशोब मी कधीमधी करायला घेतो आणि सोडून देतो. त्या राखेवर उगवलेला भात मी खाल्लेला आहे.

देवाच्या राईतला पातेरा मात्र कोणी ओढत नाही. सिंधुदुर्गात अजूनही बऱ्याच गावांत हे पाळलं जातं. राईतलं वाळलं लाकूड चुलीत घालायचं नाही, पडलेला रतांबा घरी न्यायचा नाही, पानही उचलायचं नाही. नियम कुठे लिहिलेला नाही. कोणी मोडला तर काय झालं याच्या गोष्टी तेवढ्या आहेत: अमक्याचा बैल, तमक्याचा पाय. त्यामुळे बाहेरच्या बागेत जमीन हाताने गुळगुळीत केल्यासारखी दिसते, आणि राईच्या गडग्याच्या आत पाऊल टाकलं की घोट्यापर्यंत आत जातं. वर कोरडी पानं, सातविणीची, ओवळीची, नाण्याची. त्याखाली ओली, काळपट, एकमेकांना चिकटलेली. त्याखाली पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या, जाळीसारख्या. आणि तळाला चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी, ज्याला धड माती म्हणता येत नाही आणि धड पान म्हणता येत नाही. बोटांत घेऊन दाबलं तर पाणी सुटतं. वास पावसाळ्यातल्या माळ्यावर ठेवलेल्या घोंगडीचा, त्यात थोडी अळंबी. तो चोथा मला हवा होता.

मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. माणसांना मोठे भुंगेरे माहीत असतात: शेणाच्या गोळ्या ढकलणारे, माडाचा कोंब पोखरणारा गेंड्या. माझा जीव बारक्यांवर जडला, का ते सांगता येणार नाही. कदाचित त्यांना सांभाळायला जागा कमी लागते म्हणून असेल; दीड खोलीच्या घरात दोन हजार भुंगे ठेवले तरी बायकोच्या लक्षात येत नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर, तिसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीला घेऊन त्या राईत गेलो. कागदावरची परवानगी बॅगेत होती. गुरवकाकांनी ती हातात घेतली, उलटी-सुलटी बघितली आणि परत दिली. "ता सरकारचा झाला. देवाचा काय?" मग कौल लावायचं ठरलं. पाषाणाला पाणी घातलं, ओल्या पाकळ्या चिकटवल्या, आणि आम्ही तिघं बसून राहिलो. पंधरा-वीस मिनिटं काही झालं नाही. मुलीला डास चावत होते पण ती हलली नाही. मी मनात, उजवी पडली नाही तर दुसरी राई कोणती, याचा विचार करत होतो आणि त्याची लाजही वाटत होती. शेवटी उजवी पडली. काकांनी गाऱ्हाणं घातलं, एका दमात, देवाशी रोजचं बोलणं असावं तसं: "बा देवा रवळनाथा, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा, ह्यो जो मास्तर आज तुझ्या राईत पातेरो चाळूक इलो आसा, तेच्या हातसून काय चुकला माकला तर लेकरू म्हणान पोटात घे. नेलेलो पातेरो परत हाडून तुझ्या पायाशी घालतलो असा तेचा म्हणणा आसा, ता खरा करून घे..." आम्ही म्हणालो, "व्हय म्हाराजा."

परत आणून घालीन असं मी म्हटलं नव्हतं. काकांनी माझ्या वतीने ते सांगून टाकलं, आणि मी त्यावर "व्हय म्हाराजा" म्हणालो.

चाळायचं साधन म्हणजे बाहीसारखी लांब कापडी पिशवी, आत तारेची जाळी, भोकं करंगळीच्या टोकाएवढी. ही पिशवी आमच्या इथल्या शिंप्याने शिवून दिलेली. त्याला मी चित्र काढून दाखवलं तेव्हा त्याने बराच वेळ बघून विचारलं होतं, "सर, ह्या माणसाचे पाय कुठून बाहेर येणार?" वरून पातेरा टाकायचा, दोन्ही हातांनी गदागदा हलवायचं. मोठी पानं, काड्या जाळीवर राहतात, खालच्या टोकाला बारीक भुगा जमतो. वरचं सगळं जिथून उचललं तिथेच परत पसरायचं. ते आम्ही अगदी इमानाने केलं, मुलीने तर पानं पालथी होती का उताणी याचाही विचार केला. दहा झाडांखाली दहा जागा. दुपारपर्यंत दंड भरून आले आणि पाच-सहा किलो भुगा झाला. तो घेऊन आम्ही निघालो. काका गडग्यापर्यंत पोचवायला आले होते. माझ्या हातातली पिशवी त्यांनी बघितली, पण बोलले काही नाहीत.

भुग्यातून जीव वेगळे करायची रीत इतकी साधी आहे की ती कोणाला तरी सुचावी लागली याचंच नवल वाटतं. इटलीत बर्लेझे नावाच्या माणसाने 1905 साली गरम पाण्याचं आवरण असलेलं नरसाळं केलं. पुढे त्यात विजेचा दिवा आला. आम्ही वापरतो ती विंकलर पिशवी. तिला वीजही लागत नाही. जाळीच्या पिशव्यांत भुगा भरायचा, त्या एका मोठ्या बंद कापडी पिशवीत टांगायच्या आणि खाली अल्कोहोलची बाटली बांधायची. बस्स. भुगा वरून, बाजूंनी सुकायला लागतो. ओल शोधणारे जीव हलू लागतात, एकेक करून जाळीतून सुटतात आणि खाली पडतात. प्रयोगशाळेच्या खिडकीच्या गजाला त्या पिशव्या तीन दिवस लोंबत होत्या. त्यांच्याखालून जाताना शिपाई जरा वाकून जायचा. दुसऱ्या रात्री सगळे गेल्यावर मी दिवा न लावता तिथे बसलो होतो. आवाज येतो का ते ऐकायला. आला नाही, एवढ्याशा जिवांचा कुठला आवाज. पण सकाळी बाटलीचा तळ झाकला गेला होता.

ती बाटली बशीत ओतून सूक्ष्मदर्शकाखाली घेतली की पहिली दहा मिनिटं मी काही काम करत नाही. नुसता बघतो. गोचिडांचे चुलतभाऊ शोभतील असे हजारो बारके कोळीकीटक, कोणी तांबडे, कोणी चिलखतासारखे गोल. उड्या मारणारे स्प्रिंगटेल, पांढरे आणि जांभळे. शेपटी नसलेले विंचू, जेमतेम तिळाएवढे, आंकडे पसरून. मुंग्या किती तऱ्हांच्या. मोहरीच्या दाण्यात मावेल अशी गोगलगाय. आणि भुंगेरे. पिसासारखे पंख असलेल्या भुंगेऱ्यांचं एक कुळ आहे, त्यातला कोलंबियात मोजलेला एक फक्त 0.325 मिलिमीटर भरला. त्याच्यापुढे आमचे हे बरेच धिप्पाड म्हणायचे. तिसऱ्या जागेच्या बशीत, एका मुंगीच्या तुटक्या डोक्याशेजारी, तो होता.

लांबी 1.4 मिलिमीटर. खसखशीचा दाणा थोडा ताणला तर होईल तेवढा. रंग तांबूस तपकिरी, जुन्या पितळी समईला तेल लागून जी झाक येते तशी. पंखांची कवचं आखूड, कंबरेशीच संपलेली, जणू बंडी तोकडी झाली आहे, पोट उघडं. या आखूड पंखांच्या बहुतेक भाऊबंदांचं पोट लवचीक असतं, चिडले की विंचवासारखं वर उचलतात. याच्या जातकुळीचं मात्र घट्ट, एकसंध. मिशा अकरा मण्यांच्या आणि शेवटचे तीन मणी फुगून गदेसारखे झालेले. डोक्यावर दोन बारीक खळ्या, सुईने टोचल्यासारख्या, आणि त्या खळ्यांत सोनेरी लव. या खळ्या नुसती नक्षी नसते, आतून कवचाला आधार देणाऱ्या खांबांशी त्यांचा संबंध असतो. मधल्या पायाच्या मुळाशी एक काटा, तोही फक्त नराला. हे सगळं अंगावर घेऊन तो पातेऱ्याच्या अंधारात स्प्रिंगटेलच्या मागावर फिरत असणार. सेलॅफिनी म्हणतात या गटाला. जगात नावं दिलेल्या जाती 10,000 च्या आसपास आहेत. पूर्वी त्यांचं सेलॅफिडी नावाचं स्वतंत्र कुळ मानत. 1995 साली दोघा अमेरिकी अभ्यासकांनी ते मोडून मोठ्या कुळात घातलं. भुंग्यांना अर्थात कोणी कळवलं नाही.

तो वेगळा आहे असं वाटायला पाच मिनिटं पुरली. तो वेगळा आहे असं म्हणायला सव्वा वर्ष गेलं. कारण आपल्याकडच्या या बारक्या भुंगेऱ्यांची जुनी कागदपत्रं इथे नाहीत. अकिल राफ्रे नावाचा एक फ्रेंच वकील होता, म्हणजे कोर्टातला नव्हे, सरकारचा परदेशातला. आफ्रिकेत, मादागास्करमध्ये नोकऱ्या करता करता त्याने जगभरच्या सेलॅफिडींना नावं दिली आणि 1908 साली त्यांचा मोठा ग्रंथ छापला. त्याचे नमुने पॅरिसला. इतरांचे लंडनला. 1972 साली जिनिव्हाच्या संग्रहालयातली मंडळी केरळ-तमिळनाडूच्या डोंगरांत येऊन असाच पातेरा चाळून गेली, ते जिनिव्हाला. राफ्रेने वर्णनं केली ती कुठे चार ओळी, कुठे सहा. लॅटिन आणि फ्रेंच. ती आता जालावर फुकट मिळतात. रात्री जेवणं झाली की मी मोबाइलवर एकेक शब्द भाषांतरित करत बसायचो. "तांबूस, चमकदार, लव विरळ." अरे बाबा, असे तर सगळेच. मग त्या त्या संग्रहालयाला मेल, त्या मूळ नमुन्याचा फोटो मिळेल का म्हणून. मिळाले, एक सोडून सगळे. तिथली माणसं फार सौजन्याने वागतात. सव्वाशे वर्षांपूर्वी भारतातून गेलेला एक भुंगा मी सिंधुदुर्गात बसून पडद्यावर मोठा करून बघत होतो. त्याच्या टाचणीवर कोणाच्या तरी तिरप्या अक्षरात आपल्याच एका डोंगराचं नाव, स्पेलिंग चुकलेलं. मला राग यायला हवा होता असं एक सहकारी म्हणाला. मला आला नाही. त्यांनी सांभाळला म्हणून तो मला बघता आला. पण सुखही वाटलं नाही, हेही खरं.

वाट बघायची सवय या धंद्यात लावून घ्यावी लागते. केनियात 1964-65 साली कोणीतरी मातीचे नमुने घेतले, ते लंडनच्या संग्रहालयात पडून राहिले, त्यातल्या 0.79 मिलिमीटरच्या, डोळे नसलेल्या, पंख नसलेल्या भुंगेऱ्याला 2019 मध्ये ग्रेटा थनबर्गचं नाव मिळालं. वर्तमानपत्रांत ग्रेटाचा फोटो मोठा आला होता, भुंग्याचा लहान. त्या नमुन्याची ती पन्नासहून जास्त वर्षं मला राहून राहून आठवतात. बाटलीत मेलेला, लेबल लावलेला आणि तरी नाव नसलेला.

बाहेरून बघून या भुंगेऱ्यांचं नक्की सांगता येत नाही. नराचं जननांग बाहेर काढावं लागतं, जातींमधला खरा फरक तिथे असतो. हे वर्गात सांगितलं की मागच्या बाकावर खुसखुस होते, होऊ दे. भुंगा कोमट पाण्यात मऊ करायचा, काडेपेटीच्या काडीला बांधलेल्या केसाएवढ्या सुईने पोटाचं टोक सोडवायचं, ते पोटॅशच्या द्रावणात ठेवायचं, मग ग्लिसरीनच्या थेंबात. उरतं ते काचेच्या चुऱ्यासारखं, पारदर्शक, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढं. चैत्रातली गोष्ट. पंखा बंद, कारण पंखा लावला तर सगळंच उडून जाणार. घाम कपाळावरून उतरून भुवईशी थांबलेला. दुसऱ्या नराचं असंच सोडवलं, सुईच्या टोकावर घेतलं, थेंबाकडे नेत होतो. आणि ते नाही. सुईवर नाही, काचेवर नाही. मी हललो नाही. मुलगी शेजारी चित्र काढत होती, तिला म्हटलं, "श्वास घेऊ नकोस." पुढचे दोन तास आम्ही टेबलाची एकेक चौकट भिंगाखाली घालत होतो. पेन्सिलीचा कीस, डोक्यातला कोंडा, पावाचा कण, माझ्या शर्टाचा धागा; भिंगाखाली हे सगळे कसे प्रचंड दिसतात. सापडलं नाही. चार नर होते, तीन राहिले. मेलेल्याचं मला वाईट वाटलं असं म्हणणं ढोंग होईल, ते तो बाटलीत पडला तेव्हा वाटायला हवं होतं. वाईट वाटलं ते वाया गेल्याचं. आई सांडलेल्या तांदळासाठी हळहळायची, त्यातलं.

एकूण अकरा मिळाले होते. चार नर, सात माद्या. लेखात "तपासलेले नमुने" म्हणून त्यांची एकेकाची नोंद आहे, तारीख, उंची, झाडाखालचा पातेरा, कोणी गोळा केला. त्यातला एक नर मुख्य नमुना. त्याला तांबडं लेबल लागलंय, आणि तो पुण्याच्या आकुर्डीतल्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या केंद्रात जाऊन राहील. 2002 च्या जैवविविधता कायद्याने नवीन सापडलेल्या जातीचा नमुना सरकारने नेमलेल्या ठिकाणी ठेवावाच लागतो. पॅरिस नाही, जिनिव्हा नाही. आकुर्डी. लोकलने जाता येईल. पण त्या बाटल्यांत अकराच्या जोडीला जे हजारो पडले, त्यांची नोंद कुठेच नाही. त्यांना बघणारं इथे कोणी नाही. कोळीकीटकांचा माणूस एक दुसऱ्या राज्यात, त्याच्याकडे आधीच्याच बाटल्या तुंबलेल्या. त्या सगळ्या माझ्या कपाटात खालच्या फळीवर ओळीने उभ्या आहेत. अल्कोहोल उडतं म्हणून दर सहा महिन्यांनी मी ते भरतो. देवघरातल्या तेलासारखं झालंय ते, थांबवता येत नाही.

गावात बातमी पोचली ती आमच्या त्या विद्यार्थिनीच्या मामाकडून. कॉलेजच्या मास्तरांना राईत नवी जात सापडली. पुस्तकात जाती म्हणतात, पेपरवाले प्रजाती म्हणतात, आम्ही वर्गात दोन्हींचा घोळ घालतो; पण चहाच्या टपरीवर शब्द पोचला तो "नवी जात" असाच. तिथे बसलेले एक आजोबा कपबशी खाली ठेवून म्हणाले म्हणे, "आसत त्या कमी पडल्यो काय?" मी नंतर वर्गात ही गोष्ट सांगितली. पोरं हसली. हसण्यात सगळीच सामील नव्हती, ते मला दिसलं, आणि पुढचा तास जरा अवघडून गेला.

नावाचं म्हणाल तर ते मी इथे सांगणार नाही. मुद्दाम नाही, नियमच तसा आहे. प्राण्यांची नावं 1758 च्या लिनियसपासून मोजतात, आणि रीतसर छापून येईपर्यंत नाव हे नाव नसतं. आधी कुठे लिहून ठेवलं तर पुढे घोळ होतो. तोंडी सांगितलेलं तर धरतच नाहीत. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीत मात्र त्याला रकाना आहे: स्थानिक नाव. तिथल्या पोराने पेन उघडून मला विचारलं, काय लिहू. माणसांनी ज्याला कधी बघितलंच नाही त्याला स्थानिक नाव कुठलं? फुरशाला आहे, कारण ते चावतं. रतांब्याला आहे, कारण तो आमटीत पडतो. "किडो" लिहायला तो तयार होता. मी म्हटलं, राहू दे रिकामं.

आता त्या भुग्याचं. पिशव्या उतरवल्यावर सुकलेला भुगा मी खताच्या गोणीत भरून टेबलाखाली ठेवला होता. परत न्यायचा म्हणूनच. मग परीक्षा आल्या, मग पाऊस, मग मुलीचा प्रवेश. एके दिवशी टेबलाखाली बघतो तर गोणी नाही. शिपायाला विचारलं. तो खूश होऊन मला अंगणात घेऊन गेला. तगरीच्या आणि अनंताच्या कुंड्यांत त्याने तो घातला होता. "सर, काय माती होती! अनंताला बघा कळ्या." कळ्या होत्या खऱ्या. त्याला काय बोलणार? त्या कुंड्यांतली माती उकरून राईत नेऊन टाकावी असंही एकदा मनात आलं. पण मग मीच वर्गात काय शिकवतो? रोपवाटिकेतली माती, तिच्यातली बाहेरची गांडुळं, बाहेरच्या मुंग्या, बुरशी, हे शेकडो वर्षं न हललेल्या जागेत नेऊन सोडायचं नसतं. देवाला दिलेला शब्द पाळायचा तर राईचं नुकसान, राई सांभाळायची तर शब्द मोडला. दोन्हीकडून मीच अडकलो होतो, आणि त्यात भर म्हणून बाजारात उभ्या उभ्या खोटं बोललो.

शिमगा झाल्यावर गेलो. मुलगीही आली, ती आता पुण्यात शिकते, सुट्टीवर होती. येताना नारळ घेतला, आणि खिशात काचेची एक बारीक नळी, अल्कोहोलमध्ये सातांतली एक मादी. राईत पानगळ भरात होती. सदाहरित म्हणतात म्हणून गळत नाही थोडीच. वारा नव्हता तरी कुठेतरी एकेक पान सुटत होतं आणि खालच्यावर पडल्याचा ठळक आवाज येत होता. काका देवळाच्या पायरीवर पान लावत बसले होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं. भुगा, गोणी, कुंड्या, अनंत. त्यांनी चुना पुसलेलं बोट पायरीला घासलं.

"मगे बाजारात खोटा कित्याक सांगलास?"

"लाज वाटली, काका."

बराच वेळ ते पान चघळत राहिले. मग म्हणाले, "पातेरो काय, दर वर्साक पडता. देवाक तेची कमी नाय. पण शबूद दिलेलो मां." मुलीने खाली बघितलं, जणू तिनेच दिला होता. मग एकदम, "दाखवा बगया, काय ता गावला." मी नळी दिली. त्यांनी ती उन्हात धरली, हलवली, दुसऱ्या डोळ्याने बघितली. मोतीबिंदूचं एकाचंच ऑपरेशन झालंय. "खंय?" तळाला, काका, तो तांबूस कण. "ह्यो? ह्यो तर तीळ पण नाय." मग मी मोबाइलवरचा फोटो काढला. तो साधा फोटो नाही. पुण्याच्या एका मित्राने वेगवेगळ्या खोलीवर काढलेले पन्नासेक फोटो जोडून केलेला आहे, लवेचा केस न् केस दिसतो. काकांनी मोबाइल लांब धरला, जवळ घेतला. "आवशीक खाव. ह्यो तर रेडो दिसता." आणि मग जरा थांबून, आवाज उतरवून, "ह्यो हयसरच ऱ्हवता? आमच्या पायाखाली?" मी म्हटलं, व्हय. त्यांनी पाय जरा जवळ ओढून घेतले.

आत जाऊन त्यांनी नारळ ठेवला. हात जोडून उभे राहिले, आम्ही मागे. "बा देवा रवळनाथा, बारा गावच्या बारा वहिवाटीच्या म्हाराजा, ह्या मास्तरान तुझो पातेरो नेल्यान तो परत हाडूक नाय, तेची चूक तो कबूल करता. तुझ्या राईतले अकरा जीव नेल्यान ते नेल्यान..." अकराच, मी त्यांना सांगितलेला आकडा. बाटल्यांचं सांगितलं नव्हतं. आता मध्येच बोलायचं का? मी बोललो. "काका, जास्त आसत. हजारांनी." त्यांनी मान वळवली नाही. "...आणि हजारांनी बारीकसारीक नेल्यान, तेंका तू वळखतस, आमका काय म्हायत नाय, ते सगळे पदरात घे. आणि ह्यो जो एक..." इथे ते अडले. मागे वळून मला विचारलं, "नाव काय म्हणालास तेचा?"

मी सांगितलं नव्हतं, कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं. त्यांनी ते एकदा म्हणून बघितलं, जीभ मध्येच अडखळली. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा मुलीने सांगितलं, तुकडे पाडून, वर्गात शिकवावं तसं. चौथ्या खेपेला ते पाषाणाकडे वळले आणि मोठ्याने, शेवटी एक ओकार लावून, त्यांनी ते देवाला सांगितलं.

आम्ही दोघं म्हणालो, "व्हय म्हाराजा."